बेसो ने, बेन! टेप घेऊन अहमदाबादेत चार दिवस

"अहो, पण लोक बसतील ना तिथे!"

ठाण्यातल्या एका रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये क्लायंट हे बोलला आणि माझ्या सुट्टीचं नक्की झालं. मी आर्किटेक्ट; प्लॅनमध्ये गेटच्या शेजारी, कंपाउंड वॉलच्या बाहेरच्या अंगाला दीड फुटी कट्टा दाखवला होता. दुपारी रखरखीत उन्हात तिथे रिक्षाची वाट बघत उभ्या राहणाऱ्या आज्या मी साइटवर जाता-येता बघत होते, म्हणून. मी म्हटलं, "हो, बसावेत म्हणूनच काढलाय." सगळे हसले. संध्याकाळपर्यंत कट्टा ड्रॉइंगमधून उडाला आणि त्याजागी टोकदार ग्रिलचं डिटेल आलं. ते डिटेलही मीच काढलं, पगार त्याचाच मिळतो.

कॉलेजातली मैत्रीण सध्या अहमदाबादला सेप्ट या आर्किटेक्चरच्या विद्यापीठात मास्टर्स करतेय. तिला फोन केला, ती म्हणाली, ये. बॅगेत कपडे, स्केचबुक आणि पाच मीटरचा टेप टाकला. माणसं कुठे आणि किती उंचीवर बसतात ते मोजत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं. आई म्हणाली, "सुट्टीत तरी ते टेपचं खूळ घरी ठेव." ठेवलं नाही.

गुरुवार

बोरिवलीहून रात्री गुजरात मेल पकडली, पहाटे कालुपूरला उतरले. डिसेंबरातला गारवा होता. स्टेशनाबाहेर पहिलं काम चहाचं. इथे चहाच्या टपरीला 'कीटली' म्हणतात. भांड्याचं नाव दुकानाला लागलंय, आणि नाव बरोबरही आहे, कारण दुकान म्हणजे खरोखर एक स्टोव्ह, एक किटली आणि भोवती माणसं. भिंत नाही, छप्पर असलं तर कडुनिंबाचं. अर्धा चहा मागायचा तर 'अडधी'. मी अडधी घेतली, मग दुसरी अडधी घेतली, म्हणजे एक पूर्ण झाला, पण दोनदा घेतल्याचं समाधान वेगळं.

मेट्रोनं गुजरात युनिव्हर्सिटीला मैत्रिणीच्या खोलीवर बॅग टाकली आणि दहाच्या सुमारास आश्रम रोडवर मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीसमोर उभी राहिले. आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए, साल 1954. कॉलेजात हिचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मी इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटून काढेन. प्रत्यक्षात ती फोटोंपेक्षा लहान निघाली, आणि त्यामुळे जास्त आवडली. पश्चिमेला, रस्त्याकडे, काँक्रीटच्या उभ्या फळ्या तिरक्या लावल्यात, दुपारचं ऊन अडवायला. पूर्वेला, नदीकडे, त्याच फळ्या सरळ, वारा आत यावा म्हणून. उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळजवळ कोऱ्या. एसीचं टनेज काढण्याआधी सूर्य कुठून येतो हे बघितलं की काय होतं, ते इथे उभ्या उभ्या कळतं.

रस्त्यावरून एक लांब रॅम्प हळूहळू वर, थेट पहिल्या मजल्यावर नेतो. चढताना लक्षात आलं की हा रॅम्प चालायला जेवढा चांगला, तेवढाच रेंगाळायलाही. कॉर्बुझिएला वरून दिसणारी नदी हवी होती, वाळवंटात कापड धुणारे, वाळवणारे रंगारी आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी असलेली. आता पूर्वेच्या फळ्यांमधून रिव्हरफ्रंट दिसतो: दोन्ही काठांना काँक्रीटचे सरळ धक्के आणि नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं, वर्षभर एकाच पातळीचं पाणी. संध्याकाळी त्या काठावर चालून आले. स्वच्छ आहे, लांबलचक आहे, मुंबईकर म्हणून हेवाही वाटला. पण भर दुपारी तिथे सावली शोधून दाखवा. बाक भरपूर, रिकामेही भरपूर. बसायला जागा करणं आणि बसवणं यात फरक आहे, एवढं पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं.

दुपार मात्र आश्रमातली. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, 1963 साली नेहरूंच्या हस्ते उघडलं. काम हाती आलं तेव्हा कोरिया 28 वर्षांचे होते. मी 27 ची आहे आणि मागच्या महिन्यात माझी सर्वात मोठी जबाबदारी टॉयलेटच्या टाइल लेआउटची होती. असो. सहा मीटर बाय सहा मीटरचे चौक, विटांचे खांब, वर कौलांची चौपाखी छपरं, दगडी फरशी, लाकडी झडपा. खिडकीला काच नाही. काही चौकांना भिंती आहेत, काहींना नाहीत, मध्ये पाण्याचा एक हौद. दोन छपरांच्या मधल्या काँक्रीटच्या पन्हळीच तुळईचं काम करतात आणि पावसाचं पाणीही वाहून नेतात. असली काटकसर पाहिली की मला आजीच्या गोधड्या आठवतात.

हौदाच्या कडेला शाळेची एक सहल डबे उघडून बसली होती. बाई ओरडत होत्या, पोरं ऐकत नव्हती. टेप काढून कडेची उंची घ्यावी म्हटलं, तर चौथीतल्या एका मुलानं विचारलं, "दीदी, घर लेना है क्या?"

रात्री लाल दरवाजाजवळच्या 'लकी'मध्ये. या हॉटेलच्या आत कबरी आहेत. कबरस्तानाच्या जागेवर हॉटेल उभं राहिलं, कबरी हलवल्या नाहीत. भोवती लोखंडी कठडे करून टेबलं त्यांच्या मधून मांडली. कबरींवर फुलं, भिंतीवर चित्रकार एम. एफ. हुसेनांचं चित्र, पुढ्यात मस्का-बन आणि चहा. साइटवर मधोमध झाड आलं तर आमच्याकडे आधी ते कसं पाडायचं याची चर्चा होते. इथे गेलेल्या माणसांना वळसा घालून वेटर ट्रे नेतात, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मस्का जरा जास्तच होता, तक्रार नाही.

शुक्रवार

हा दिवस लांबला आणि लिहितानाही लांबणार आहे.

सकाळी आठला कालुपूरच्या स्वामीनारायण मंदिरातून महापालिकेचा हेरिटेज वॉक निघतो. 1997 पासून चालू आहे, मंदिरातून सुरू होतो आणि जामा मशिदीत संपतो. 2017 साली युनेस्कोनं या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवलं, भारतातलं असं पहिलंच शहर. त्याच्या वीस वर्षं आधीपासून हे लोक रोज सकाळी गल्ल्या दाखवत फिरतायत.

पोळ म्हणजे काय ते पुण्याच्या माणसाला सांगणं सोपं आहे: वाड्यांची अख्खी गल्ली, जिला स्वतःचा दरवाजा आहे. दरवाजातून आत गेलं की रस्ता अरुंद होत जातो, दोन्हीकडे लाकडी कोरीव घरं, वरचे मजले पुढे झुकलेले, त्यामुळे खाली दहा वाजेपर्यंत तरी ऊन पोचत नाही. मध्ये कुठेतरी खांबावर कोरीव घरट्यासारखा चबुतरा, पक्ष्यांना दाणे घालायला. घराच्या आत चौक, चौकाखाली टाकं. छतावरचं पावसाचं पाणी नळीनं त्या टाक्यात जातं आणि अंधारात राहिल्यानं टिकतं. आपल्या वाड्यातला चौक, ओसरी, माजघर सगळं ओळखीचं, फक्त नावं वेगळी.

आणि प्रत्येक घरापुढे ओटला. आपला ओटा.

एका घरापुढे मी टेप लावला. जमिनीपासून सव्वादोन फूट, म्हणजे पुस्तकातल्या खुर्चीच्या उंचीपेक्षा बरंच जास्त. चूक वाटली. मग एक भाजीवाली आली, डोक्यावरची टोपली न वाकता सरळ ओट्यावर टेकवली आणि आतल्या बाईशी भाव करू लागली. ही बसायची उंची नव्हतीच, उभ्या माणसानं टेकायची, ओझं ठेवायची होती. बसायचं तर पाय लोंबकळत. पुस्तकात ही उंची नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोक्यावर कधी टोपली नसणार.

दारातून एक आजी मघापासून बघत होत्या.

"शुं मापो छो, बेन?"

मी मोडक्यातोडक्या हिंदी-गुजरातीत सांगितलं की मी आर्किटेक्ट आहे, ओट्याचं माप घेतेय.

"ओटलो तो बेसवा माटे छे," त्या म्हणाल्या, "बेसो ने!"

बसले. गटापासून मागे पडले. पाणी आलं, मग चहा आला, मग शेजारच्या दोघी आल्या. गुजरातीत 'ओटला परिषद' असा शब्द आहे, गावगप्पांसाठी. तिचं सदस्यत्व मला अर्ध्या तासात मिळालं. लग्न झालंय का, पगार किती, मुंबईत खोली केवढी. खोलीचं क्षेत्रफळ ऐकून तिघींनी एकदमच 'अरेरे' केलं. मी विचारलं, भूकंपाच्या वेळी कुठे होतात? आजींनी जमिनीकडे बोट दाखवलं, इथेच.

26 जानेवारी 2001. त्या दिवशी अहमदाबादेत कोसळल्या त्यात तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेल्या नव्या इमारती बऱ्याच होत्या. वर भिंतींनी जड झालेले मजले आणि खाली नुसते खांब. हादरा बसला की तळमजला आधी मोडतो. जुन्या घरांच्या विटांच्या भिंतींमध्ये मात्र लाकडाच्या आडव्या पट्ट्या गुंफलेल्या असतात. भिंत हलते, डुलते आणि सांधे हादरा पिऊन टाकतात. स्टिल्ट पार्किंग हे माझं रोजचं काम आहे. आता खांब आणि शिअर वॉल, म्हणजे हादरा पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, नियमाप्रमाणे नीट डिझाइन होतात हे मला माहीत आहे. तरी त्या ओट्यावर बसून मला जाणवलं की गाड्यांसाठी आपण घर जमिनीवरून उचललं, तेव्हा जमिनीलगत बसणारी आजीही आपोआप तिसऱ्या मजल्यावर गेली. खिडकीतून तिला टोपलीवालीशी भाव करता येत नाही.

जामा मशीद 1424 ची. 260 खांबांची सावली, पुढे भलंमोठं दगडी अंगण. दर्शनी कमानीच्या दोन बाजूंना मिनारांचे बुंधे तेवढे उरलेत, वरचे मिनार 1819 च्या भूकंपात पडले. त्यानंतर तीन दरवाजा ही तीन कमानींची जुनी वेस, आणि तिथे मला अपेक्षा नसताना आपली माणसं भेटली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1817 पर्यंत या शहरावर मराठ्यांचा अंमल होता, पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटून. तीन दरवाज्यावर देवनागरीत कोरलेला एक हुकूम आहे, 1812 सालचा, सुभेदार चिमणाजी रघुनाथचा: मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा बिनहरकत मिळावा, जो हिंदू मोडेल त्याला महादेव विचारील, जो मुसलमान मोडेल त्याला अल्ला.

भोवती चपला, बांगड्या, मोबाइलची कव्हरं यांचा बाजार. कुणी मान वर करून बघत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू मुलीचा मुलाइतका हक्क कायद्यात यायला 2005 उजाडलं. आणि आजही रीडेव्हलपमेंटच्या फायलीत मला सगळ्यात नियमित दिसणारा कागद कुठला, तर बहिणींनी सही केलेलं हक्कसोडपत्र. मी त्या दगडाचा फोटो काढून भावाला पाठवला. त्यानं अंगठा दाखवला. पुढचं रक्षाबंधनाला बघू.

दुपारी झोपले. कारण रात्री माणेक चौक.

माणेक चौकाची ख्याती ऐकून होते: सकाळी भाजी, दिवसा सोनं-चांदी, रात्री खाणं. पण ती अदलाबदल कशी होते ते बघायचं होतं, म्हणून साडेसातलाच जाऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. सराफांची शटरं एकेक करून खाली आली. शेवटच्या दुकानाचा दिवा गेला, तसा बोळातून पहिला हातगाडा आला. मग दुसरा. कुणी आखणी करत नाही, जमिनीवर पट्टे नाहीत, तरी कुणाचा गाडा कुठे, हे ठरलेलं. पाऊण तासात गॅस, तवे, बल्बच्या माळा, प्लास्टिकच्या खुर्च्या. सराफाचं शटर म्हणजे स्वयंपाकघराची मागची भिंत झाली, त्याची पायरी म्हणजे मांडणी, त्यावर ब्रेडच्या लाद्या आणि बटरचे डबे रचले. ज्या पायरीवर मी होते तिथे एक पोरगा कांद्याचं पोतं घेऊन आला, "बेन, जरा..." म्हणाला, मी सरकले.

आमच्या भाषेत याला जागेचा बहुविध वापर म्हणतात आणि त्यावर शोधनिबंध लिहितात. इथे तो पोतं ठेवून निघून गेला.

मैत्रीण आली तेव्हा नऊ वाजले होते. घूघरा सँडविच घेतलं: कांदा, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, चीज, आणि वरून पुन्हा चीज किसून, बर्फ पडल्यासारखं. ग्वालिया डोसा नावाचा प्रकार पाहिला, त्यातल्या लोण्यात तो डोसा पोहत होता. दाक्षिणात्य माणसानं शक्यतो बघू नये. मग अननस घातलेलं सँडविच, ज्याबद्दल आमचं भांडण झालं. माझं मत: ब्रेडमध्ये अननस हा अपघात आहे. तिनं माझंही संपवलं. शेवटी कुल्फी. खाण्याची चव मी खरं सांगू तर दहापैकी सहा देईन, चीज सगळं बुजवतं. पण शेजारच्या टेबलावर तीन पिढ्यांचं कुटुंब, पलीकडे कॉलेजातली टोळी, रात्री साडेअकराला एकट्या बसून पावभाजी खाणाऱ्या दोन मध्यमवयीन बायका, आणि दारूचा थेंब नसलेलं रात्रीचं शहर. त्या जागेला दहापैकी दहा.

कडेला एक म्हातारा बोळातली धूळ बारीक झाडूनं सुपात भरत होता. सराफकट्ट्याची धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडेही आहेत. त्याच्या झाडूच्या आड खुर्ची आली की तो नुसता थांबायचा, माणूस उठेपर्यंत.

शनिवार

आयआयएम. परवानगी ईमेलवर आधीच घेतली होती. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान 1962 पासून इथे काम करत होते, 1974 च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात वारले. उरलेलं पुढे नेण्यात अनंत राजे यांचा मोठा हात. मुंबईत जन्मलेला हा माणूस कान यांच्याकडे फिलाडेल्फियात काम करून आला होता, आणि आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही.

वीट, वीट आणि वीट. चपट्या कमानी, त्यांचा रेटा धरून ठेवणारी काँक्रीटची पट्टी, वसतिगृहांच्या भिंतींतली मोठाली वर्तुळं. गिलावा नाही, रंग नाही, कमानीचं वजन कुठून कुठे जातंय ते सरळ दिसतं. वसतिगृहाच्या खोल्या लांब बोळावर ओळीनं नाहीत, जिन्याभोवतीच्या मोकळ्या जागेला धरून आहेत, म्हणजे खोलीतून बाहेर पडलं की कुणीतरी भेटणारच. डिसेंबर 2020 मध्ये संस्थेनं 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं, जगभरातून ओरड झाली, आणि 1 जानेवारीला निर्णय मागे घेतला. विटा झिजल्यात, गळतीही होते, हे खरं. नुसत्या भक्तीनं इमारत टिकत नाही. ग्रंथालय मात्र मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांच्या ऑफिसनं इतकं नेटकं दुरुस्त केलंय की दुरुस्ती कुठे झाली ते शोधावं लागतं. 2019 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

इथे मी टेप काढला आणि गार्ड धावत आला. "मॅडम, मेजरमेंट अलाउड नहीं." फोटो चालतो, माप नाही. मग वितीनं मोजलं. माझी वीत पावणेआठ इंच, हे त्याला माहीत नव्हतं.

दुपारी सेप्ट. बाळकृष्ण दोशींनी 1962 साली सुरू केलेली शाळा, इमारतही त्यांचीच. दोशी जन्मले पुण्यात, 1927 साली, फर्निचर करणाऱ्या एकत्र कुटुंबात. 2018 मध्ये प्रिट्झकर हा आर्किटेक्चरमधला सर्वात मानाचा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय झाले, 2023 च्या जानेवारीत गेले. शाळेच्या पायऱ्यांवर, इमारतीच्या पोटाखालच्या मोकळ्या जागेत, उतारावरच्या हिरवळीवर पोरं पसरली होती. कुणी मॉडेल कापतंय, कुणी झोपलंय. बाक जवळजवळ नाहीतच, आणि बसायला जागा नाही असं कुणालाच वाटत नाही, कारण प्रत्येक कड बसायची आहे. इथे कुणी टेपला हरकत घेतली नाही. उलट एका पहिल्या वर्षाच्या मुलीनं विचारलं, "कशाचं असाइनमेंट आहे?"

चारनंतर शेजारीच 'अमदावाद नी गुफा' उघडते. दोशी आणि हुसेन या दोघांचा खेळ: फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली) पातळ कासवपाठी कवचं, वर फुटक्या चिनी मातीचे तुकडे, आत तिरपे खांब आणि हुसेनांची चित्रं. वरच्या कॅफेत कॉफी घेतली. कॉफी ठीक. कवचाच्या उतारावर चढू नका अशी पाटी होती आणि तीन मुलं चढलेली होती.

रविवार

सकाळी फाफडा-जिलेबी, सोबत कच्च्या पपईचा संभारो आणि कढी. अख्खं शहर रविवारी सकाळी हेच खातं असं वाटावं इतकी रांग. उभ्यानं खाल्लं.

मग रिक्षानं सरखेज रोजा. पंधराव्या शतकातला दर्गा, मशीद, महाल आणि मोठा तलाव. कॉर्बुझिएनं याला अहमदाबादचं अ‍ॅक्रोपोलिस म्हटलं होतं असं सांगतात. मला ग्रीस माहीत नाही. मला दिसलं ते असं: खांब आणि तुळया, कमान नाही, भव्यपणाचा आव नाही, आणि दगडी कट्ट्यांवर, पायऱ्यांवर, खांबांच्या सावलीत रविवारची शेकडो माणसं. कुणी दुवा मागायला आलेलं, कुणी नुसतंच डबा घेऊन. कोरड्या तलावात क्रिकेट चालू होतं. तिकीट नाही, 'बसू नये' ही पाटी नाही.

तलावाच्या पायऱ्यांवर टेप लावून वाकले होते, तेवढ्यात पाचेक वर्षांची एक मुलगी येऊन दुसरं टोक धरून उभी राहिली. मग ओढत पळाली. पाच मीटर संपेपर्यंत. तिनं पायरी मोजली, भावाचं डोकं मोजलं, आजीच्या चपलेपासून डब्यापर्यंतचं अंतर मोजलं, आणि प्रत्येक वेळी आकडा तोच: "इतना!" आजी चटईवर सरकल्या, डब्याचं झाकण माझ्यापुढे केलं, वर दोन कबाब आणि कांदा. "बैठो बेटा, खड़े-खड़े क्या."

गाडी रात्रीची होती, त्यामुळे चारपर्यंत तिथेच होते. टेपची स्प्रिंग त्या पोरीनं कामातून घालवली. आता तो आत जात नाही; पाच मीटर पट्टी हातानं गुंडाळून, रबरबँड लावून पर्समध्ये ठेवलीय. वहीत त्या पायरीची उंची लिहायची राहूनच गेली.